पाचव्या व्हर्जनची कवळी

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये बाईंना सगळे पाठीमागे सोयरीकबाई म्हणत. पाठीमागे म्हणजे नावालाच हो, दार सताड उघडं असायचं आणि बाईंना शब्दन् शब्द ऐकू यायचा. त्यांना राग यायचा नाही. उलट मनातून बरंच वाटायचं, कारण नाव अगदी चपखल होतं. अठरा वर्षं बाई एकच काम करत होत्या. कोणत्या कॉम्प्युटरवर लिनक्सची कितवी आवृत्ती आहे आणि तिच्याबरोबर बॅकअपच्या प्रोग्रॅमचं कितवं व्हर्जन सुखाने नांदेल, हे त्या ठरवायच्या.

आता ज्यांना ह्यातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. लॅबमध्ये अकरा कॉम्प्युटर होते. त्यांच्या पोटात पेशंटांच्या जबड्यांचे स्कॅन आणि प्रत्येकाच्या कवळीची फाइल. रोज दुपारी चारला बॅकअपचा प्रोग्रॅम ह्या सगळ्याची प्रत काढून वेगळ्या डिस्कवर ठेवायचा, म्हणजे उद्या एखादं मशीन मेलंच तर गावातली माणसं बिनदाताची राहायला नकोत. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ यंत्रणा. तिची दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. बॅकअपचा प्रोग्रॅम भलत्याच कंपनीचा, त्याचंही नवं व्हर्जन येतं. दोघं एकमेकांना विचारून थोडीच येतात! नवं लिनक्स जुन्या प्रोग्रॅमला दारात उभं करत नाही, आणि नवा प्रोग्रॅम जुन्या लिनक्सकडे ढुंकून बघत नाही. ह्या दोघांचं जुळवता जुळवता बाईंचे केस पांढरे झाले होते.

बाईंच्या टेबलामागच्या भिंतीवर एक तक्ता होता. आडव्या रांगेत लिनक्सच्या आवृत्त्या, उभ्या रांगेत बॅकअपची व्हर्जनं. जुळलं तिथे हिरवी खूण, नाही जुळलं तिथे लाल. खाली सगळ्या मशीनांची यादी आणि तिथेही खुणा. गेल्या वर्षी त्या यादीत पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत हिरवं झालं, तेव्हा बाईंनी सगळ्या लॅबला आइस्क्रीम दिलं होतं. कशाबद्दल ते कुणालाच कळलं नाही. खाल्लं मात्र सगळ्यांनी.

घरीही तीच तऱ्हा. यजमान चित्रकलेचे निवृत्त मास्तर, सरळ माणूस. त्यांच्या फोनवर 'अपडेट करा' असं आलं की ते अंगठा पुढे करायचे आणि बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "थांबा! आधी चालणार आहे का ते बघू द्या!" सासूबाईंनी एकदा कुकरची नवी रिंग आणवली, तर बाईंनी कुकर उलटा करून बुडाखालचं साल वाचलं आणि रिंग परत पाठवली.

"कंपनी तीच आहे गं," सासूबाई म्हणाल्या.

"कंपनी तीच आहे आई, साल वेगळं आहे."

"आमच्या लग्नात कुणी साल बघितलं नव्हतं. तरी टिकलंच की!"

रिंग मात्र परत गेली ती गेलीच.

तर असं सगळं हिरवंगार चाललेलं असताना एका मंगळवारी सकाळी लॅबमध्ये क्लॅरिनेटवाले काका आले. सत्तरीला टेकलेले, अंगात इस्त्रीचा कोट, एका हातात वाद्याची काळी पेटी, दुसऱ्या हातात रुमाल. रुमाल त्यांनी मालकांच्या टेबलावर उलगडला. लॅबचे मालक म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांनी चष्मा वर केला आणि बघितलं. वरची कवळी, पण अर्धीच. पुढचे सहा दात गायब.

"बेसिनमध्ये पडली," काका म्हणाले. तोंडातून वारा जास्त आणि शब्द कमी येत होते. "दोन तुकडे झाले. एक हातात आला, दुसरा नळीतून गेला."

"अहो, मग त्यात काय! नवी करून देऊ," डॉक्टर म्हणाले.

काकांनी कोटाच्या खिशातून दुसरी कवळी काढली. चकचकीत, कोरी करकरीत. "नवी केलीये. दुसऱ्या एकाकडून. ही बघा." त्यांनी ती तोंडात बसवली, पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं, ओठाला लावलं आणि फुंकर मारली. फुस्स. सायकलीची हवा जावी तसा आवाज. पुन्हा एकदा मारली. आता चीं. बाहेरच्या बाकावरच्या एका आजींनी दचकून पर्स छातीशी धरली.

मग काकांनी कवळी काढून ठेवली आणि सगळं सांगितलं. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकवायचं असतं. ते दात केसभर पुढे-मागे झाले तरी सूर हलतो. नऊ वर्षांपूर्वी ह्याच डॉक्टरांनी त्यांना कवळी करून दिली होती. तेव्हा काका दोन महिने रोज इथे यायचे, वाजवून बघायचे, डॉक्टर जरासं घासायचे, पुन्हा वाजवायचे. त्या कवळीने नऊ वर्षं साथ दिली. स्टेशनसमोरच्या मोठ्या हॉटेलात दर शनिवारी संध्याकाळी काका वाजवत होते. चाळीस वर्षं झाली. आता दोन शनिवार बुडाले होते, आणि मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं की तिसरा बुडाला तर तो कोपऱ्यात स्पीकरचा खोका आणून ठेवणार.

"खोका आणूनसुद्धा ठेवलाय," काका म्हणाले. "अजून उघडलेला नाही, एवढंच. घरी माझं कुणी नाही डॉक्टर. मला शनिवारच आहे."

डॉक्टरांचा जीव कळवळला. आणि माणसाचा जीव कळवळला की तो दुसऱ्याच्या भरवशावर शब्द देऊन बसतो. "काही काळजी करू नका," ते म्हणाले. "तुमच्या जुन्या कवळीची फाइल आपल्याकडे असणार. आपल्या बाई आहेत ना! त्यांच्या हातून आजवर एक दात हरवलेला नाही."

बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मान ताठ केली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी देते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नऊ वर्षांपूर्वीचा सर्व्हर कधीच भंगारात गेला होता, पण जाण्याआधी बाईंनी त्यातलं सगळंच्या सगळं एका डिस्कवर घेतलं होतं. डिस्क लोखंडी कपाटात, कापडी पिशवीत, वर चिठ्ठी. बाईंनी ती काढली, मशीनला जोडली आणि बॅकअपच्या प्रोग्रॅमला म्हटलं, उघड. प्रोग्रॅम आठव्या व्हर्जनचा. त्याने पाच सेकंद विचार केला आणि सांगितलं की ही डिस्क मला ओळखीची नाही.

बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी तक्ता बघितला. त्या सालचा बॅकअप पाचव्या व्हर्जनचा. पाचानंतर कंपनीने आतली सगळी रचनाच बदलली होती. पाचाचं लिहिलेलं फक्त पाचच वाचतं, सहापासून पुढच्यांना ते अक्षरही लागत नाही. हे बाईंना पाठ होतं. म्हणून तर त्यांनी पाचाचा प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने जपून ठेवला होता. लोकांना त्या नेहमी सांगायच्या ना, नवं घ्या, पण जुन्याची वाट बुजवू नका! आता फक्त तो कुठे ठेवलाय एवढंच बघायचं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: पाचवं व्हर्जन, जुना सर्व्हर, फोल्डर 'जपून ठेवणे'.

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग खाली खुर्चीत बसल्या.

जुना सर्व्हर भंगारात गेला. त्यातलं सगळं ह्या डिस्कवर आलं. म्हणजे पाचवं व्हर्जन ह्याच डिस्कवर होतं. आणि डिस्क उघडायला पाचवं व्हर्जन लागत होतं. बाईंनी कपाटाची किल्ली जपून कपाटात ठेवली होती आणि कपाटाचं दार ओढून घेतलं होतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! अठरा वर्षं ह्या बाईने आख्ख्या लॅबला धारेवर धरलं. एकाने जुनी वायर फेकली म्हणून तिला महिनाभर त्याच्याशी बोलावंसं वाटलं नव्हतं. आणि स्वतः हा पराक्रम. बाईंना इतकी लाज वाटली की त्यांनी उठून दार लावून घेतलं. अठरा वर्षांत ते दार पहिल्यांदा लागलं, त्यामुळे लगेच सगळ्या लॅबला कळलं की आत काहीतरी भयंकर झालंय.

बुधवारी सकाळी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाचा माणूस.

"व्हर्जन कोणतं मॅडम?"

"पाच."

पलीकडे कीबोर्डची टकटक. "मॅडम, आमची यादी सहापासून सुरू होते."

"सहाच्या आधी पाच होतं."

"असेल मॅडम. मी नव्हतो."

"मला तो प्रोग्रॅम पाठवता का? जुना, असेल तसा."

"तो बंद झालाय मॅडम. तुम्ही अपग्रेड करून घ्या."

"अहो, काय अपग्रेड करू? ही डिस्क आहे, ती उघडतच नाही!"

"मग बॅकअपवरून परत मिळवा."

"हाच तो बॅकअप आहे!"

"हो का?" तो माणूस खरोखर विचारात पडला. "मग ह्या बॅकअपचा बॅकअप असेल ना?"

बाईंनी फोन ठेवला. ठेवता ठेवता ऐकू आलं की आपण समाधानी असाल तर एक दाबा.

त्या काळचं लिनक्स मिळायला काहीच अडचण आली नाही. ते फुकटचं, जगभर कुठे ना कुठे ठेवलेलं असतं. दुपारपर्यंत बाईंनी ते एका रिकाम्या मशीनवर चढवलंसुद्धा. पण नुसतं लिनक्स घेऊन काय करायचं? प्रोग्रॅम नाही. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. दातांच्याच लॅबमध्ये ही म्हण आठवावी ह्याचं बाईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. काका तिथेच बसलेले. सकाळपासून तिसऱ्यांदा आले होते, काही विचारत नव्हते, नुसते बसत होते. बाईंनी दोघांना सरळ सांगून टाकलं. "चूक माझी आहे. फाइल आहे, पण मला ती काढता येत नाही. माझ्याच मूर्खपणामुळे."

काका म्हणाले, "राहू द्या हो. होतं असं." ते रागावले असते तर बाईंना चाललं असतं. पण त्यांनी उठून पेटी उचलली आणि उलट बाईंचीच समजूत काढली, ते बाईंना सहन झालं नाही.

"अजून एक जागा बाकी आहे," त्या म्हणाल्या. खरं तर बाकी काही नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं आणि मग त्यांना खरोखरच एक जागा आठवली.

लॅबची एक छोटी शाखा बसने दोन तासांवर होती. तिथे नवीन काही बनत नसे, जुन्या कवळ्यांची दुरुस्ती तेवढी चाले. तिथला कारागीर पन्नाशीचा, हात सोन्याचा, पण कोणत्याही गोष्टीला "बघूया" एवढंच उत्तर. म्हणून त्याचं नावच बघूया पडलं होतं. तिथलं नेट धड नव्हतं, त्यामुळे तिथल्या मशीनचं सगळं बाई त्याला फोनवर सांगायच्या आणि तो महिन्याच्या महिन्याला लेखी अहवाल धाडायचा. सात वर्षांत बाईंनी त्याच्याकडून सहा, सात, आठ अशी तिन्ही व्हर्जनं चढवून घेतली होती. तक्त्यात त्याच्या नावापुढे हिरव्या खुणा होत्या. तरी एखादा जुना प्रोग्रॅम कुठल्या खणात, कुठल्या सीडीवर पडला असेल तर! बाईंनी डॉक्टरांच्या टेबलावरूनच फोन लावला.

"पाचवं व्हर्जन? छे छे मॅडम," बघूया म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतंत ना, जुन्याची प्रत माझ्याकडे आहे, तिथे काही ठेवायचं नाही म्हणून. सगळं साफ. मशीन एकदम नवं. आठवं व्हर्जन, ताजं लिनक्स, अहवालात आहे बघा."

"काही म्हणजे काहीच शिल्लक नाही?"

"काही नाही मॅडम. तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी!"

त्या म्हणाल्या, "बरं. ठेवते. आज पहिल्यांदा वाटतंय, माझं ऐकलं नसतंत तर फार बरं झालं असतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा.

"मॅडम," बघूया हळूच म्हणाला, "म्हणजे समजा... ऐकलं नसतं, तर बरं झालं असतं?"

"हो!"

"तुम्ही रागावला नसतात?"

"नाही हो!"

"शपथ?"

"अहो, बोला ना!"

"मग नाही ऐकलं."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "काय नाही ऐकलं?"

"काहीच नाही. पाचच आहे अजून. लिनक्सपण तेव्हाचंच. एकदा तुम्ही चाराचं पाच करायला लावलंत, तेव्हा तीन दिवस प्रिंटर रुसून बसला होता. तेव्हाच म्हटलं, आता पुढचं बघूया."

"आणि ते अहवाल? सात वर्षांचे?"

"ते आधीच्या महिन्याचे काढून आकडा बदलायचो," बघूया म्हणाला. "मॅडम, तुम्ही शपथ घेतलीये."

बाईंच्या मनात त्या क्षणी काय काय आलं ते सांगण्यासारखं नाही. ज्या तक्त्यावर त्यांचा जीव होता, ज्याच्यापायी त्यांनी आख्ख्या लॅबला आइस्क्रीम चारलं होतं, त्या तक्त्यातली एक खूण निव्वळ थाप निघाली होती. समोर असता तर त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. आणि मग त्याच्या पाया पडल्या असत्या. त्यांनी दोन्ही गिळलं आणि एवढंच म्हटलं, "त्या मशीनला हात लावू नका. झाडूसुद्धा मारू नका. मी उद्या पहिल्या बसने येते."

गुरुवारी पहिल्या बसला बाई डिस्कची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. शेजारी काका, त्यांच्या मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. काकांना कुणी या म्हटलं नव्हतं, पण ते स्टँडवर आधीच येऊन उभे होते. कंडक्टर म्हणाला, सामान वर ठेवा. दोघं एकदम म्हणाले, नाही. मग तो बिचारा पुढे गेला.

"तुम्हाला गाणं कळतं?" काकांनी विचारलं.

"नाही हो. मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मला तुमच्यातलं कळत नाही," काका म्हणाले आणि बोळक्या तोंडाने हसले. मग थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "भीती वाटते हो. त्या खोक्याला दात लागत नाहीत, श्वास लागत नाही, आजारी पडत नाही. मॅनेजरचं तरी काय चुकलं?"

बाईंनी काकांच्या पेटीवर हात ठेवला आणि स्टँड येईपर्यंत तो तसाच ठेवला.

शाखा म्हणजे एक लांबट खोली, खिडकीशी घासायचं मशीन, भिंतीला दुरुस्तीच्या कवळ्या डब्यांमध्ये ओळीने मांडलेल्या. कोपऱ्यात स्टुलावर कॉम्प्युटर. बघूया दारात हात जोडून उभा होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ आत जाऊन स्टुलासमोर बसल्या. पडद्यावर पाचव्या व्हर्जनचा तो करडा चौकोन उघडला, ठसठशीत बटणांचा, अगदी होता तसा. बाईंना माहेरचं कुणीतरी अचानक भेटल्यासारखं वाटलं. त्यांनी डिस्क जोडली. चौकोनाने डिस्क ओळखली आणि लगेच यादी दाखवायला घेतली.

पण जुनं मशीन ते, गोगलगायही लाजेल. सकाळी दहाला सुरू झालेलं बाराला चाळीस टक्क्यांवर. एकला त्रेसष्टवर येऊन जे थांबलं ते थांबलंच. बाई श्वास रोखून, काका हात चोळत, बघूया मागे उभा.

"मॅडम, बंद करून परत चालू करूया का?"

"खबरदार!"

"बरं. बघूया."

पाऊण तास त्रेसष्ट. तिघांनी चहा घेतला, कुणालाच चव लागली नाही. मग कुणी काही न करता चौसष्ट झालं, पासष्ट झालं, आणि त्यानंतर ते धावतच सुटलं. यादीत सगळ्यात आधी दिसलं ते फोल्डर 'जपून ठेवणे', आणि त्याच्यात पाचवं व्हर्जन, अगदी सुरक्षित. बाईंनी त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. पुढे तीन हजार जबडे, आणि त्यात काकांच्या नोंदणीचा नंबर. बाईंनी फाइल उघडली. पडद्यावर दात हळूहळू फिरू लागले.

"ते माझेच," काका म्हणाले. "तो डावीकडचा बघा, जरा घासलेला. तिथे बसतं ते." त्यांनी रुमालासाठी खिसे चाचपले, आणि बघूयाने स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या पुढे केला.

निघताना बाई दारात थांबल्या. "सात वर्षं खोटं बोललात," त्या म्हणाल्या.

"चूक झाली मॅडम. आता करतो अपग्रेड. सोमवारी नक्की."

"सोमवारी अजिबात नाही! आधी ह्या मशीनवरून मी माझी सगळी जुनी डिस्क नव्या रचनेत करून घेणार. महिनाभर मी दर गुरुवारी येणार. अहवाल मी लिहिणार. आणि तुम्ही नुसतं बघायचं, तेवढं तुम्हाला जमतं." बघूया इतका खूश झाला की त्याने दोघांना स्टँडपर्यंत सोडलं.

शुक्रवारी डॉक्टरांनी काम हातात घेतलं. नऊ वर्षांत काकांच्या हिरड्या बसल्या होत्या, जुनी कवळी जशीच्या तशी कोरली असती तर तोंडात नाचली असती. म्हणून हिरडीकडची बाजू नव्या स्कॅनवरून आणि पुढचे दात जुन्या फाइलवरून घ्यायचे ठरलं. डॉक्टर बाईंना म्हणाले, "तुम्हीच सांगा, जुळेल का हे?" बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तक्ता न बघता सांगितलं, "करून तर बघा."

शनिवारी सकाळी काकांनी कवळी बसवली. फुंकर मारली. फुस्स. लॅबमधल्या सगळ्यांचे चेहरे पडले. काका मात्र घाईत नव्हते. त्यांनी क्लॅरिनेटची पातळ पट्टी ओठांनी ओली केली, कवळी अंगठ्याने वर दाबली, दात टेकवले, किंचित डावीकडे सरकवले. आणि मग जो सूर निघाला तो खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरून राहिला. बाकावरच्या आजी, त्याच त्या, ह्या वेळी पर्स विसरून उभ्या राहिल्या. कवळी कोरणारा कारागीर मशीनच्या आड तोंड करून नाक शिंकरू लागला. डॉक्टर आपले चष्मा पुसतच बसले.

संध्याकाळी बाई यजमानांना घेऊन त्या हॉटेलात गेल्या. सासूबाई म्हणाल्या, मला सोडून कुठे निघालात, म्हणून त्याही आल्या. भिंतीकडेच्या टेबलाशी तिघं चहा आणि बिस्किटं मागवून बसली. हॉल भरलेला होता. लोक जेवत होते, पोरं चमचे पाडत होती, वेटर धावत होते, एक गृहस्थ फोनवर मोठमोठ्याने कुणाला तरी रस्ता समजावत होते. त्या सगळ्या कालव्यात काका कोपऱ्यातल्या छोट्या चौथऱ्यावर उभं राहून, डोळे मिटून वाजवत होते. सूर स्वच्छ, अखंड. स्पीकरचा खोका त्यांच्या मागे तसाच, चिकटपट्टीसकट. मॅनेजर काउंटरपाशी कुणाशी तरी हसत बोलत होता, एकदाही त्याने कोपऱ्याकडे बघितलं नाही.

वेटर चहा ठेवायला आला तेव्हा सासूबाईंनी त्याला विचारलं, हे रोज वाजवतात का रे.

"दर शनिवारी, आजी. मधले दोन शनिवार नव्हते, तेव्हा ज्याला त्याला काहीतरी खटकत होतं. जेवण आवडलं नाही म्हणाले, पंखे लावा म्हणाले, दिवे कमी आहेत म्हणाले. काय कमी आहे ते कुणालाच सांगता येईना."

तो गेला. यजमानांनी हॉलभर नजर फिरवली. एकही मान वर नव्हती. एक टाळी नव्हती. "अगं," ते कुजबुजले, "इतकी जिवाची धडपड केलीस, आणि इथे कुणाचं लक्षच नाहीये की."

"नसू दे," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. "लक्ष नाहीये ना कुणाचं? म्हणजे सगळं ठीक चाललंय."

यजमानांनी आपली खुर्ची, आवाज न करता, चौथऱ्याच्या दिशेने वळवली आणि हात मांडीवर घेऊन ऐकत बसले. सासूबाईंनीही वळवली. तिघांचाही चहा गार झाला.